डावा पीळ

१९९७च्या ऑगस्टमध्ये मला एक पत्र आलं होतं. त्याचं उत्तर मी नऊ वर्षं दिलं नाही. पत्र हरवलं नव्हतं, पत्ता पुसट नव्हता, आणि वेळ तर माझ्याकडे नेहमीच भरपूर होता. तेव्हा मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. पोचू नावाच्या शिपायानं तो लिफाफा प्रयोगशाळेत आणून दिला आणि म्हणाला, "सर, तुमाले पत्र! कोणी मेलं-बिलं तं नाई?" मला कधी कोणाचं पत्र येत नसे, म्हणून त्याला तसं वाटलं असावं.

पत्र आरमोरीच्या पलीकडच्या एका लहान गावातून आलं होतं. लिहिणारी दिव्यानी नावाची तरुण बाई, आणि लिहायला सांगणारी तिची सासू गुणाबाई. गुणाबाईचा मुलगा आदेश माझा जुना विद्यार्थी. मूलला बदली होण्याआधी मी आरमोरीला होतो, तेव्हा तो नववीत माझ्या वर्गात होता. तिसऱ्या बाकावर, खिडकीकडे. बोलायचा कमी, पण सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की उठायचं नाव घेत नसे.

हा आदेश आदल्या वर्षी कोशाच्या, म्हणजे रानरेशमाच्या, हंगामात जंगलात गेला आणि परत आला नाही. तिकडची ढिवर माणसं ऐनाच्या झाडांवर कोशाच्या अळ्या सोडतात आणि पाखरांपासून त्या राखायला महिना-दीड महिना झाडाखालीच मुक्काम करतात. त्या दिवसांत राखणारा दाढी करत नाही, मासळी खात नाही, बायकोला शिवत नाही. बायको डबा आणते, ठरलेल्या दगडावर ठेवते आणि तोंड न पाहता मागे फिरते. दिव्यानीनं एका दुपारी असाच डबा ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथंच होता, मुंग्या लागलेला. आदल्या दिवशी आपण हाक मारली होती, पण तिला उत्तर आलं होतं की नाही ते आठवत नाही, असं तिनं पत्रात लिहिलं होतं. ती ओळ मला अजून पाठ आहे.

दहा महिन्यांनी एका नाल्याच्या काठी हाडं सापडली. त्या वर्षी त्या भागातली तीन माणसं बेपत्ता होती. ओळख पटण्यासारखं काही उरलं नव्हतं. कमरेच्या हाडाला चिकटलेला एक धागा तेवढा होता. तीन घरच्या लोकांनी तो पाहिला आणि ओळखता येत नाही म्हणून तिघांनीही माना हलवल्या. ठाण्यातल्या कुणालातरी दया आली आणि त्यानं त्या धाग्याचा दोन बोटं लांबीचा तुकडा दिव्यानीला दिला. तो तुकडा वहीच्या कागदाच्या पुडीत बांधून तिनं मला पाठवला होता.

"सर," तिनं लिहिलं होतं, "माझ्या सासूबाई दर दिवाळीला ह्यांच्यासाठी कोशाचा नवा करदोडा वळत. आमच्याकडे सगळ्या बाया उजव्या मांडीवर उजव्या हाताने धागा वळतात. सासूबाई डावखुऱ्या आहेत. त्यांचा पीळ उलटा पडतो. पंचक्रोशीत असा धागा दुसऱ्या कोणाचा नाही. पण हा तुकडा केसाएवढा आहे आणि मातीने माखला आहे. मला दिसत नाही, त्यांची तर नजर गेली. हे सांगत की आमच्या सरांच्या मशीनमध्ये मुंगीचा पाय हत्तीच्या पायाएवढा दिसतो. खाली चित्र काढले आहे. पहिला पीळ सासूबाईंचा, दुसरा बाकी सगळ्यांचा. असेल तर आहे लिहा, नसेल तर नाही लिहा. म्हणजे पुढे काय करायचे ते आम्हाला कळेल."

खाली दोन दोऱ्या काढल्या होत्या. पहिलीवरच्या रेघा वर डावीकडून खाली उजवीकडे उतरत होत्या. दुसरीवरच्या त्याच्या उलट.

मी शाळा सुटेपर्यंत थांबलो. पोचूला घरी पाठवलं. काचेच्या वाटीत पाणी घेऊन तो तुकडा भिजवला, ब्रशच्या केसानं माती सोडवली, काचपट्टीवर डिंकाच्या थेंबानं बसवला आणि डोळा लावला. कोशाचा तंतू सुतासारखा गोल नसतो, चपट्या फितीसारखा असतो आणि प्रकाशात चमकतो. चिखलात, पावसात, त्या माणसाच्या कमरेला इतके दिवस राहूनही तो चमकत होता. पाच-सहा फिती एकमेकींवर वळलेल्या होत्या आणि त्यांचा पीळ वर डावीकडून खाली उजवीकडे उतरत होता. पहिल्या चित्रासारखा.

मी खुर्चीत मागे टेकलो. मग मला आठवलं की सूक्ष्मदर्शकात सगळं उलटं दिसतं. वरचं खाली, डावं ते उजवं. तीस वर्षं मी हेच शिकवत आलो होतो. छापील अक्षर काचेखाली ठेवून मुलांना दाखवत आलो होतो. म्हणजे जो पीळ मला डावा दिसत होता तो खरा उजवा असणार. खात्री करावी म्हणून मी दिव्यानीचं चित्र पोचूच्या भांग पाडायच्या आरशासमोर धरलं. आरशात पहिली दोरी दुसरीसारखी दिसली. झालं तर मग. धागा गुणाबाईचा नव्हता.

मी उत्तर लिहिलं: नाही. लिफाफ्यात घातलं. मग परत काढलं. आरसा आणि भिंग एकच का? वर-खाली आणि डावं-उजवं दोन्ही फिरलं तर रेघेचं काय होतं? मी पुस्तकं काढली. पुस्तकांत प्रतिमा उलटी असते एवढंच होतं. पिळाबद्दल कोणीच काही लिहिलेलं नव्हतं. कोणाला विचारावं, तर विज्ञानाच्या मास्तरानं डावं कुठलं आणि उजवं कुठलं हे कोणाला विचारायचं? एका बाईच्या कपाळावरचं कुंकू माझ्या एका रेघेवर अडलं होतं आणि मला ती रेघ कुठल्या बाजूची ते ठरवता येत नव्हतं. उद्या पाहू म्हटलं. महिन्याभरानं लिहायची लाज वाटू लागली. वर्षभरानं ते अशक्य झालं. निवृत्त झालो त्या दिवशी ती काचपट्टी खिशात घालून घरी आणली. आयुष्यात शाळेची तेवढी एकच वस्तू मी नेली.

मी लग्न केलं नाही. घरात पुस्तकं आणि मी. निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी माझ्या उजव्या डोळ्यात एक धागा दिसू लागला. पांढऱ्या भिंतीकडे किंवा आभाळाकडे पाहिलं की तो दिसायचा, करडा, मध्ये वळलेला. त्याच्याकडे नीट पाहावं तर बाजूला सरकायचा, नजर हटवली की हळूच खाली उतरून मध्यावर यायचा. चंद्रपूरच्या डॉक्टरनं सांगितलं की वयाप्रमाणे डोळ्यातला द्राव आकसतो, त्याचे असे तंतू तरंगतात, काळजीचं कारण नाही. मी हे सगळं वाचलेलं होतं. तरी मी भर दुपारी अंगणात उभा राहून त्या धाग्याचा पीळ कुठल्या बाजूचा आहे ते पाहायचा प्रयत्न करत असे. शेजारच्या सत्यशीलाबाईंनी एकदा विचारलं, "सर, वर काय पाहून राह्यले? इमान गेलं का?" मी हो म्हणालो.

पुढं पुढं सगळीकडे तेच दिसू लागलं. शिळ्या भाकरीवरच्या बुरशीचे तंतू. गेलेल्या बल्बमधली तुटकी तार, हलवली की किणकिण वाजणारी. कुजक्या लाकडाची साल उचलली की खाली पसरलेलं पांढरं जाळं. पुस्तकाच्या शिवणीतला दोरा. यातलं काहीच भिववणारं नाही, हे मला समजत होतं. पण कुठलाही धागा दिसला की त्याच्या दुसऱ्या टोकाला कोणीतरी आहे असं वाटायचं, आणि ते टोक मीच हातात धरून गप्प बसलोय असं वाटायचं.

२००६च्या मार्चमध्ये माझ्या विहिरीची दोरी तुटली. मी बाजारात कय्यूमभाईच्या दुकानात गेलो. कय्यूमभाईचं दोरखंडाचं दुकान बापाच्या वेळचं. दारात वेगवेगळ्या जाडीच्या दोऱ्या टांगलेल्या असतात. मी त्यातली एक धरून उभा राहिलो आणि नेहमीप्रमाणे पिळाकडे पाहत बसलो.

"गुरुजी," कय्यूमभाई म्हणाला, "दोरी घेऊन राह्यले का पोरीचं स्थळ पाहून राह्यले? पाच मिनटं झाली, बिचारी लाजून राह्यली."

मी हसलो. आणि का कोण जाणे, जे नऊ वर्षं कोणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "कय्यूमभाई, ही दोरी उलटी टांगली, तर पीळ कुठल्या बाजूनं दिसेल?"

"उलटी म्हंजे?"

"खालचं टोक वर. डावी बाजू उजवीकडे."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग दोरी खुंटीवरून काढली. "हे घ्या. हे टोक वर. काय दिसते? तिरपं, डावीकडून उजवीकडे. आता हे टोक वर. काय दिसते?"

तेच दिसत होतं. त्यानं परत फिरवली. तेच.

"उलटी टांगा, सुलटी टांगा, वळली तशी राहते जी. ज्यानं वळली त्याचा हात त्याच्यात राहते. तुमाले एवढी पुस्तकं वाचून हे नाई माहीत?"

"आरशात उलटते ना पण."

"आरशात तं मी बी डावरा दिसतो गुरुजी! म्हणून काय डाव्या हातानं जेवू?" तो मोठ्यानं हसला. मग माझ्याकडे पाहून थांबला. "काऊन जी? बसा, बसा इथी. पानी आणू का?"

मी त्याच्या पायरीवर बसलो. तीस वर्षं मी मुलांना अक्षर दाखवलं होतं. एकदाही दोरी दाखवली नव्हती.

तरी माझा माझ्यावर भरवसा नव्हता. दुसऱ्या दिवशी काचपट्टी घेऊन शाळेत गेलो. आता तिथं उमेरा मॅडम विज्ञान शिकवतात. त्यांना काही न सांगता म्हटलं, जे दिसतं ते कागदावर काढून द्या. त्यांनी डोळा लावला आणि पेन्सिलीनं रेघा ओढल्या. वर डावीकडून खाली उजवीकडे. "कोसा आहे ना सर? छान चमकतोय," त्या म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी पहाटे मी गडचिरोलीची बस पकडली, तिथून आरमोरीची, आणि पुढं एका जीपमध्ये मोहफुलांच्या टोपल्यांमध्ये बसून त्या गावी पोचलो. उन्हं वर आली होती. ओसरीवर एक म्हातारी बाई बसली होती. लुगडं मांडीपर्यंत खोचलेलं, पुढ्यात मडक्यात शिजवलेले कोसे. ती कोशांचे तंतू ओढत होती आणि डाव्या तळव्यानं डाव्या मांडीवर वळत होती. मांडीची तिथली कातडी घासून गुळगुळीत झाली होती. डोळे उघडे होते, पण पांढरे.

"कोण व्हय?" तिनं विचारलं.

इथं मी पुन्हा चुकलो. नाव सांगायला तोंड उघडलं आणि निघालं भलतंच. "मूलहून आलो. कोसा पाहायला."

"पाहा जी. बसा. सून मोहा वेचाले गेली, येईन आता."

मी बसलो. आतल्या भिंतीवरच्या खुंटीला करदोड्यांचा एक झुबका टांगला होता. कोशाचे, सोनेरी-करडे, जाड पिळाचे. वरचे नवे, खालचे धुरानं काळपटलेले. मोजू नये असं ठरवूनही मी मोजले. दहा होते. सगळ्यांचा पीळ डावा. वारा नव्हता, तरी मला ते हलल्यासारखे वाटले.

"हे कोणाचे?" मी विचारलं.

"माह्या लेकाचे. दर दिवाळीले एक वळतो. आला का साऱ्याच्या सारे बांधीन कंबरीले. मंग पाहू कसा पळते तं." ती हसली. तिचा हात थांबला नव्हता.

"कुठं असतो तो?"

"गेला हाय. येईन. लोकं म्हणत का मेला. हाडं सापडली म्हणे. मी म्हटलं, हाडाले काय नाव रायते का? मंग आमी त्याच्या सरले धागा धाडला. लय शिकलेला माणूस जी, मुंगीचे पाय मोजते. पण त्यायनं उत्तरच नाई धाडलं."

"मग?"

"मंग काय! समजलो आमी." ती माझ्या दिशेनं थोडी वाकली, लहान मुलाला समजवावं तशी. "धागा माहा असता, तं त्यायनं लिवलं नसतं? कोणाचा लेक मेला अन् शिकलेला माणूस चूप बसन काय? वाईट बातमी कोणी पेटीत ठेवून घेत नाई. नाई लिवलं, म्हंजे माहा नाई. एवढं तं मले अडाणीले बी समजते."

मी चष्मा काढला. पुसला. परत घातला. बोलायला हवं होतं. तिच्या हाताचा मांडीवर सरसर आवाज होत होता आणि माझ्या डोळ्यातला तो धागा तिच्या पांढऱ्या लुगड्यावरून सावकाश खाली उतरत होता.

मी पुन्हा चष्मा पुसून डोळ्यांवर चढवत होतो, तेवढ्यात दिव्यानी आली. तिशी ओलांडलेली, उन्हानं रापलेली, कपाळावर ठळक कुंकू. टोपली उतरवता उतरवता तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तशीच वाकलेली राहिली. मग म्हणाली, "माय, पावण्याले जीपपर्यंत पोचवून येतो. दुपारी गाडी नाई भेटत."

"अवं, चाय तं दे!"

"त्यायले घाई हाय."

गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली आल्यावर ती थांबली.

"तुमीच ना ते सर?"

"कसं ओळखलंस?"

"हे तुमची नक्कल करत. आधी चष्मा काढते, मंग पुसते, मंग घालते, अन् मंग बी काई बोलत नाई." ती हसली नाही. "पाह्यला होता धागा?"

"पाहिला."

"मंग?"

मी तिला सांगितलं. सगळं सांगितलं: भिंग, आरसा, लिहिलेलं 'नाही', कय्यूमभाईची दोरी. सांगून झाल्यावर ती खाली बसली आणि झाडाखाली पडलेली मोहफुलं एकेक उचलून ओच्यात टाकू लागली. बराच वेळ टाकत होती.

"मले वाटे," ती म्हणाली. "मले तं पहिल्यापासून वाटे. त्या दिवशी मी हाक देली अन् उत्तर नव्हतं आलं. पण मी बी धरून बसलो का आलं असन. नऊ वर्षं त्यायचं ताट वाढून राह्यलो सर. ती बोटानं चाचपून पाहते, वाढलं का नाई तं."

"मी आत्ता परत येतो. तिला तोंडानं सांगतो."

"आता?" तिनं मान वर केली. "आता तुमी कोसा पाहायले आलेले पावणे. आवाज ऐकला तिनं तुमचा. आता तोच आवाज म्हणन का मीच तो सर, तं मानन का ती? म्हणन, पोरीनं कोणाले तरी धरून आणलं. माहा भाऊ दरसाल येते, पाट लावून घे म्हणते. तिले ठाऊक हाय. माह्या तोंडून निघालं तं म्हणन, दुसरं घर कराले इनं नवरा मारला."

"मग काय करू?"

"पत्र धाडा. तिनं पत्राची वाट पाह्यली, तं पत्रच येऊ द्या. पोस्टमन वाचून दाखवते साऱ्यायले, चैतू नाव हाय त्याचं. त्याचं मानते ती. मी मधात नाई." ती उठली, ओचा सावरला. "अन् 'बहुतेक' नोका लिवू सर. हे सांगत, सरायच्या तोंडी बहुतेक लय हाय. त्या बहुतेकवर बुढी आणखी दहा वर्षं काढन."

"ती... ऐकल्यावर तिचं काय होईल?"

"ते तुमी नऊ वर्षं इचार केला. आता राहू द्या."

जीप आली. तिनं मला चढताना हात दिला, आणि गाडी सुटायच्या आत गावाकडे वळली.

त्या दिवसापासून चार दिवस मी लिहीत होतो. पहिल्या कागदावर 'बहुधा' आलं. दुसऱ्यावर 'माझ्या मते' आलं. तिसऱ्यावर मी सूक्ष्मदर्शकाची रचनाच समजावून सांगू लागलो. चैतू पोस्टमन ओसरीवर उभा राहून हे मोठ्यानं वाचतोय, असं डोळ्यांसमोर आणलं आणि तेही फाडलं. शेवटी जे लिहिलं ते असं:

"गुणाबाईंना नमस्कार. तुम्ही १९९७ साली पाठवलेला धागा मी तेव्हाच पाहिला होता. आता पुन्हा पाहिला आणि दुसऱ्या जाणत्या व्यक्तीलाही दाखवला. त्याचा पीळ डावा आहे. तो तुमच्या हातचा आहे. मी उत्तर दिलं नाही, याचा अर्थ धागा तुमचा नाही असा नव्हता. मी भ्यालो होतो. ती चूक माझी एकट्याची आहे. दिव्यानीला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आदेशचं जे दिवसकार्य करायचं ते करा. मूलहून कोसा पाहायला आलेला माणूस मीच होतो. तुम्ही बोलावलंत तर त्या दिवशी येईन, आणि नाही बोलावलंत तर समजेन. धागा सोबत परत पाठवत आहे."

काचपट्टी कोमट पाण्यात ठेवून मी धागा मोकळा केला, दिव्यानीच्याच जुन्या पुडीच्या कागदात बांधला आणि पत्रात ठेवला. लिफाफा घरीच चिकटवला, म्हणजे वाटेत उघडता येऊ नये.

पोस्टात गर्दी होती. मी बाहेरच्या पेटीशी गेलो, पत्ता एकदा वाचला, मग दुसऱ्यांदा वाचला. मागे उभी असलेली एक बाई म्हणाली, "टाकून राह्यले का जी, का मी टाकू?"

"टाकतो," मी म्हणालो, आणि टाकलं.